चौदा तारखेचं खिमट

द्वारकाबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या तीर्थपुरीला ठाऊक होतं. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या जावयानं नवी मोटारसायकल उडवली, कुणाच्या कापसाला बोंडअळी लागली, सगळं आधी त्यांच्या ओट्यावर यायचं आणि तिथून गावात जायचं. त्यात दुष्टपणा नव्हता. माणसाला बोलायला लागतं, द्वारकाबाईंना जरा जास्त लागायचं, एवढंच. अशा बाईनं एक गोष्ट अकरा दिवस पोटात ठेवली. ऐकणाऱ्याला त्यांचा राग येईल आणि कीवही येईल, दोन्ही बरोबरच आहे.

बाजारतळाच्या मागं दोन खोल्यांत त्यांचा सावली महिला बचत गट चालायचा. सात बायका. एका खोलीत चटण्या आणि मसाले, दुसरीत पिठं. पिठांत नाव काढलं ते बाळखिमटानं. तांदूळ आणि मूगडाळ धुवायची, सावलीत वाळवायची, खरपूस भाजायची, जिरं-ओवा घालून दळायची. कपभर पाण्यात दोन चमचे शिजवले की दात न आलेल्या लेकराचं जेवण तयार. गटाच्या अध्यक्ष द्वारकाबाई, आणि डोकं त्यांच्या सुनेचं, तृप्तीचं. पोरगी परभणीला अन्नशास्त्र शिकून आलेली. शेंगदाणा, तीळ आणि दूध पिठाच्या खोलीचा उंबरा ओलांडणार नाही, असा तिचा नियम होता. काही लेकरांना शेंगदाण्याचा कणही सोसत नाही, अंग सुजतं, श्वास कोंडतो, हे तिनं बायकांना चार-चारदा सांगितलं होतं. पाकिटावर तिनं ठळक अक्षरांत छापून घेतलं, ‘यात शेंगदाणा, तीळ व दूध नाही.’ बायका तेव्हा हसल्या होत्या. खिमटात शेंगदाणा घालतंय कोण?

घालत कुणीच नव्हतं. पण द्वारकाबाईंच्या सासूबाई, तुळजाबाई, जाताना सुनेला दोन गोष्टी देऊन गेल्या. एक चांदीचे तोडे आणि एक रीत. जातं उपाशी निजू देऊ नये. दिवसाचं दळण उरकलं की जात्याच्या तोंडात मूठभर शेंगदाणे सोडायचे. तो तेलाचा घास. दगड कोरडा पडत नाही आणि घराला बरकत राहते. पुढं जातं गेलं, विजेचं यंत्र आलं, घास तसाच राहिला. संध्याकाळी कुलूप द्वारकाबाई लावायच्या. सगळ्या निघून गेल्या की पदराच्या गाठीतले दाणे यंत्राच्या तोंडात सोडायच्या, हात जोडायच्या आणि घरी यायच्या. आपण सुनेचा नियम मोडतोय असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. नियमातला शेंगदाणा म्हणजे माल, पोत्यातून येणारा, काट्यावर चढणारा. घास तो घास. देवापुढच्या समईतलं तेल कुणी फोडणीच्या तेलात धरतं का?

यंत्रावर बेबीनंदा असायची. सकाळी कुलूपही तीच उघडायची, कारण बाकीच्या सहाजणी येईपर्यंत तिची खोली झाडून, पुसून, यंत्र तपासून झालेलं असायचं. द्वारकाबाईंचं घर वरच्या आळीला, तिचं बौद्धवाड्यात, तरी दोघींची तीस वर्षांची संगत होती. दुष्काळाच्या वर्षी पाझर तलावाच्या कामावर एकीनं दुसरीच्या डोक्यावर मातीची पाटी चढवून दिली, तिथून ती सुरू झाली. ती यांना आक्का म्हणायची, या तिला बेबे. गट काढायचा ठरला तेव्हा सहाजणींची नावं लिहून झाल्यावर ‘सातवी बेबी, आन् ती न्हाई तर मीबी न्हाई’ असं द्वारकाबाईंनी टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. ही गोष्ट त्या पुढं कितीतरी वर्षं सगळ्यांना ऐकवत असत.

एप्रिलच्या शेवटी जालन्याहून तृप्तीला फोन आला. नवीन जालन्यात राहणाऱ्या प्रीती नावाच्या शिक्षिकेचा चौदा महिन्यांचा मुलगा, प्रेम, त्यांचं खिमट खाल्ल्यावर दहा मिनिटांत सुजला होता, निळा पडला होता आणि आता दवाखान्यात नळ्या लावून पडला होता. त्याला शेंगदाणा सोसत नाही हे घरच्यांना आधीपासून ठाऊक होतं. डॉक्टरांनी उरलेलं पाकीट तपासायला पाठवलं होतं.

सासू-सुना पहिल्या गाडीनं गेल्या. द्वारकाबाईंना वाटलं होतं, ती बाई अंगावर धावून येईल. आली असती तर बरं झालं असतं. प्रीती दवाखान्याच्या बाकड्यावर बसली होती, पायात दोन वेगवेगळ्या चपला, आणि येईल त्याला एकच सांगत होती.

“मी वाचलं होतं हो. दुकानात वाचलं, घरी आल्यावर वाचलं, शिजवायच्या आधी परत वाचलं. शेंगदाणा नाही, असं लिहिलंय त्याच्यावर. मी तीनदा वाचलं होतं.”

तिचा नवरा तिला दटावत नव्हता, सासू टोमणे मारत नव्हती, तरी ती आरोपीसारखी जबानी देत होती. द्वारकाबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि त्यांना रडू कोसळलं. “आमच्या खोलीत शेंगदाण्याचा एक दाणा न्हाई, माय. लेकराची आण घेऊन सांगते,” असं त्या म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना तसंच वाटत होतं.

पोरगं वाचलं. चौथ्या दिवशी नळ्या निघाल्या, सहाव्या दिवशी ते आईकडं पाहून हसलं. पण अन्न खात्याचे साहेब तीर्थपुरीत आले ते हुकूम घेऊनच आले. त्या पाकिटावर तयार केल्याची तारीख चौदा एप्रिल होती. त्या तारखेचं सगळं खिमट परत मागवा, एक पाकीटही लोकांच्या घरात राहता कामा नये. साठ पाकिटं झाली होती त्या दिवशी. मूठभर दाणे पहिल्या पाच-सहा पाकिटांतच उतरले असतील. पण कुठली पाच-सहा, हे कोण सांगणार? अर्थात दाणे मुठीतले होते हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे एकीला सोडून.

पाकिटं गोळा करायला द्वारकाबाई आणि बेबीनंदा दोघीच निघाल्या. रिक्षावर भोंगा लावून गावातून दवंडी दिली, मग मेच्या उन्हात तीन दिवस दारोदार. गावं तरी किती! खिमट बाळंतिणीला भेट म्हणून दिलं जायचं, त्यामुळे तीर्थपुरीत घेतलेलं पाकीट माहेरवाशिणीच्या पिशवीतून अंबडला गेलेलं, घनसावंगीला गेलेलं. लोक द्यायला तयार नसायचे. “आमचा नातू मजेत खाऊन राह्यलाय, त्याला काय झालं?” असं म्हणत डबा मागं सारायचे. काहींनी दुसऱ्याच पिठाच्या डब्यात ओतून ठेवलेलं. एका आजीनं त्याचं धिरडं करून खाल्लं होतं आणि चांगलं झालं म्हणून वर आणखी मागितलं. बेबीनंदा पाकीट हातात घ्यायची, चष्मा नसलेल्या द्वारकाबाईंना तारीख वाचून दाखवायची, “चौदा एप्रिल, आक्का,” आणि पिशवीत टाकायची. असं तिनं त्रेपन्न वेळा म्हटलं. एक पाकीट प्रीतीचं, ते तपासायला गेलेलं. बाकी सहा पाकिटांचं खिमट लेकरांच्या पोटात जाऊन पचलं होतं, देवाची कृपा.

मग अहवाल आला. खिमटात शेंगदाणा सापडला. कसा आला, याचं लेखी उत्तर आठ दिवसांत द्यायचं होतं, नाहीतर परवाना गेला.

सातही बायका पिठाच्या खोलीबाहेर सतरंजीवर बसल्या. तृप्ती विचारत होती आणि सगळ्या जमिनीकडं बघत होत्या. शेवटी पुष्पाबाई बोलली. चौदा तारखेला यंत्रावर पुष्पाबाईच होती, बदली म्हणून. ते तिला आठवत होतं की भीतीनं ती विसरली होती, हे तिचं तिलाच माहीत.

“मी काही म्हणत न्हाई,” ती म्हणाली, “पर यंत्राजवळ बसून डबा कोण खातं? बेबीनंदाच खाती.”

कुणीतरी बेबीनंदाचा डबा पुढं ओढला आणि उघडला. दोन भाकरी, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. सगळ्यांनी वाकून पाहिलं. मागं भिंतीला टेकून आणखी सहा डबे ठेवलेले होते. मराठवाड्यात जेवणाच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी नसेल तर काय असेल? पण ते सहा डबे कुणी उघडले नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती देताना फार विचार करावा लागत नाही, संन्यासी जवळ बसलेला असला की झालं.

बेबीनंदानं द्वारकाबाईंकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“बेबे, थोडे दिवस घरी ऱ्हाय,” द्वारकाबाई म्हणाल्या. “वातावरण निवळलं की मी बोलावते तुला.”

“बरं, आक्का,” ती म्हणाली. डबा बंद करून पिशवीत घातला आणि निघून गेली.

तृप्तीनं उत्तर लिहिलं. ‘कर्मचाऱ्याच्या जेवणातून अंश मिसळला. संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात आले आहे.’ आणि संध्याकाळी ओट्यावर बायका जमल्या तेव्हा द्वारकाबाईंच्या तोंडात तीळ भिजला नाही. “काय सांगावं, बाई. आपली बेबीनंदा. तिच्या डब्यातनं गेलं म्हणं. तीस वर्सांची माझी संगत, पर लेकराच्या जिवाशी गाठ, काय करणार?” असं त्या डोळे पुसत म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ते गावभर झालं, तिसऱ्या दिवशी घनसावंगीला पोचलं. पंधरा दिवसांत बेबीनंदा घराला कुलूप लावून जालन्याला मुलाकडं, राजानंदकडं निघून गेली.

परवाना राहिला. यंत्र सगळं उकलून, घासून, उकळत्या पाण्यानं धुऊन परत जोडलं. ते जोडलं त्याच संध्याकाळी, दळण सुरू होण्याआधीच, द्वारकाबाईंनी नेहमीप्रमाणे पदराची गाठ सोडली आणि मूठ यंत्राच्या तोंडात रिकामी केली. एरवी दाणे पिठाच्या थरावर पडायचे, आवाज व्हायचा नाही. आज ते कोऱ्या पत्र्यावर ताडताड वाजले. द्वारकाबाई हात जोडता जोडता थांबल्या. त्यांनी आत वाकून पाहिलं. पांढऱ्या पत्र्यावर लाल दाणे पडले होते, आणि ते शेंगदाणेच होते, दुसरं काही नव्हतं.

त्यांनी एकेक दाणा वेचून काढला. मग तृप्तीच्या फायलीतून पाकिटाची चिठ्ठी काढून खिडकीपाशी उजेडात धरली आणि डोळे बारीक करून वाचली. चौदा एप्रिल. भीमजयंती. त्या दिवशी बेबीनंदा कामावर नव्हतीच! पांढरं लुगडं नेसून ती मिरवणुकीत होती, आणि द्वारकाबाईंनी स्वतः तिला सुटी दिली होती. ज्या दिवशी ती खोलीत नव्हती त्या दिवशी तिच्या डब्यातून शेंगदाणा सांडला होता, आणि हे सहाजणींनी मान्य केलं होतं. काखेत कळसा म्हणतात तसं झालं. त्रेपन्न वेळा ती तारीख त्यांच्या कानावर पडली होती.

इथून ते अकरा दिवस.

द्वारकाबाईंनी स्वतःची पुष्कळ समजूत घातली. रोज घास टाकतो, रोज खिमट जातं, पाच वर्षांत एका लेकराला काही झालं नाही, मग आत्ताच कसं होईल? म्हणजे आपली मूठ नसेल, दुसरंच काही असेल. शिवाय आता सांगून काय उपयोग? पोरगं घरी आलंय, परवाना राहिलाय, सहा घरांची चूल चाललीय. तृप्तीनं खोटं लिहून दिलं असं होईल, पोरीचं शिक्षण मातीत जाईल. बेबीनंदाला तर काम मिळालंय म्हणे, जालन्यात. सगळं पटण्यासारखं होतं, आणि जेवण मात्र जात नव्हतं. ओट्यावर बायका जमायच्या आणि द्वारकाबाई गप्प बसायच्या. बायकांना वाटलं, बाईला साखरेचा आजार लागला.

बाराव्या दिवशी प्रीतीचा फोन आला. तृप्ती बाहेर गेली होती, फोन द्वारकाबाईंनी उचलला.

“प्रेम चालायला लागला, म्हणून सांगायला फोन केला,” प्रीती म्हणाली. “आणि ज्या बाईंच्या हातून ते झालं ना, त्यांना कामावरून काढल्याचं कळलं. त्यांना माझा निरोप द्याल? म्हणावं, मी तुमच्यावर राग धरलेला नाही. होतं माणसाच्या हातून. मी त्यांना माफ केलंय.”

द्वारकाबाईंनी फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर त्या त्यांनी कुणाच्या नावावर खपवल्या असत्या, पण माफी अशी दुसऱ्याच्या दारात जाऊन पडलेली त्यांना सोसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जालन्याच्या एसटीत बसल्या.

एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्याबाहेर दुपारच्या सुटीत बायका लिंबाखाली जेवत होत्या. बेबीनंदा जरा बाजूला बसली होती, डोक्याला धुळीचं फडकं बांधलेलं. तिनं द्वारकाबाईंना लांबूनच ओळखलं, पण ती उठली नाही. हात धुऊन फक्त सरकून जागा केली.

“आज कशी वाट चुकलात, आक्का?”

द्वारकाबाईंनी वाटेत पुष्कळ जुळवलं होतं. ते सगळं विसरून त्या एका दमात बोलल्या. “बेबे, ते माझ्या मुठीनं झालं. मी यंत्राला घास टाकत व्हते, शेंगदाण्याचा.”

“ठावं हाय मला.”

“कव्हापासून?”

“पहिल्या दिवसापासून. लेकराला शेंगदाण्यानं झालं म्हणून फोन आला ना, तव्हाच.” बेबीनंदा दगडावरून चाललेल्या मुंग्यांकडं पाहत बोलत होती. “पाच वर्सं रोज सकाळी तुमचा घास मी काढून टाकून राह्यले व्हते. कुलूप उघडलं की पहिलं काम तेच. फडक्यात बांधायचे आन् बाहेर चिमण्यांना टाकायचे. तृप्तीताईनं शिकवलं व्हतं ना, लेकरांना सोसत न्हाई म्हणून. तुम्हाला सांगावं वाटायचं, पर सासूची रीत व्हती, तुमचं मन मोडलं असतं.”

पाच वर्षं काही का झालं नाही, याचं उत्तर द्वारकाबाईंना मिळालं.

“चौदा तारखेला मी मिरवणुकीत व्हते,” बेबीनंदा म्हणाली. “दर सुटीला सांगते तसं, यंत्राचं तोंड झाडून घे म्हणून आदल्या दिशी पुष्पाबाईला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं. तेवढं माझ्या डोक्यावर हाय. ते लेकरू मी पाह्यलेलं न्हाई, पर डोळ्यापुढून हलत न्हाई. मी एक सबुद बोलले असते तर त्याला काही झालं नसतं.”

“मंग त्या दिशी सगळ्यांसमोर बोलली कामून न्हाईस?”

“कुणी इचारलं?” आता तिचा आवाज चढला. बाजूच्या बायका वळून पाहू लागल्या. “तुमच्यासंगं तीन दिवस उन्हात हिंडले. एकेक पाकीट हातात घेऊन तारीख वाचली, चौदा, चौदा, चौदा. वाटलं, आक्काच्या आत्ता ध्यानात यील, मंग यील. चारचौघांत तुमचं नाव मी काढावं का? तुमचं तुम्ही बोलाल, मंग आपण दोघी मिळून निस्तरू, असं वाटलं. आन् तुम्ही माझा डबा उघडू दिला.”

“बेबे...”

“तीस वर्सं झाली, आक्का. तुमच्या घरचं पुरणपोळीपासून सगळं मी खाल्लं. माझ्या डब्यातला एक घास तुम्ही कधी घेतला न्हाई. मी मनावर घेतलं न्हाई, म्हणलं, असंल जुनी सवय. पर त्या दिशी डब्यात काय हाय ते पाहाया सगळ्यांच्या माना वाकल्या, त्यात तुमचीबी वाकली. तेवढ्यासाठी वाकली.”

खरंच तसं होतं. ते त्यांनी कधी ठरवून केलं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त वाईट होतं, हे त्यांना त्या लिंबाखाली कळलं. त्या रडल्या. बेबीनंदानं पाण्याची बाटली पुढं केली, पण पाठीवर हात ठेवला नाही.

“परत चल,” द्वारकाबाई म्हणाल्या. “मी सगळ्यांना सांगते. तृप्तीला सांगते, साहेबाला लिहून देते.”

“मी न्हाई यायची. इथं बरंय, धूळ हाय, पर माझा डबा कुणी हुंगत न्हाई.” तिनं फडकं परत डोक्याला आवळून बांधलं. “साहेबाला द्यायचं ते द्या, बिलकुल द्या. पर कागद कोण वाचतं, आक्का? तिथं माझ्या पुतणीच्या सोयरिकीत लोक इचारून राह्यले, ती लेकराला बाधवणारी बाई तुमची कोण? ते तुमच्या ओट्यावरून गेलंय. ते परत आणा. पाकिटं आणली तसं.”

सुटी संपल्याची घंटा झाली. बेबीनंदा उठली, आणि मागं न पाहता फाटकातून आत गेली.

घरी आल्यावर द्वारकाबाईंनी आधी सुनेला सांगितलं. तृप्ती भांडली नाही, ओरडली नाही. ती म्हणाली, “आई, मी पण पाहिली होती ना तारीख. मीच छापते ती.” मग तिनं नवं पत्र लिहिलं, खरं कारण घातलं आणि आधीच्या पत्राबद्दल माफी मागितली. प्रीतीलाही तिनं फोन करून सगळं सांगितलं. प्रीतीनं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. पिठाच्या खोलीला सरकारी कुलूप लागलं, फेरतपासणी होईपर्यंत. पुष्पाबाई बैठकीत ढसाढसा रडली, “मला आठवत व्हतं गं, आठवत व्हतं,” म्हणाली, आणि बाकीच्या चौघींनी मात्र द्वारकाबाईंशी बोलणं टाकलं. ‘मिटलेलं उकरून काढलं बाईनं’ असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बाजूनं ते खोटं नव्हतं.

मग द्वारकाबाई दारोदार निघाल्या. ज्या ज्या घरून पाकिटं आणली होती, त्या त्या घरी. या वेळी एकट्याच. पायरीवर बसायचं, पाणी प्यायचं आणि पहिल्यापासून सांगायचं. सासूबाईंची रीत, मूठ, यंत्र, चौदा तारीख, बेबीनंदाची सुटी, ती रोज दाणे काढून टाकायची ते सगळं. लोक ऐकायचे, च्‌ च्‌ करायचे, कुणी चहा टाकायचं. पहिल्या दिवशी नऊ घरं झाली. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, म्हणून त्यांना जरा हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या नंदाबाईच्या घरी गेल्या. नंदाबाईच्या नातीसाठी नेलेलं अर्धं पाकीट इथूनच परत आलं होतं. तिनं सगळं ऐकलं, मध्ये दोनदा डोळ्यांना पदर लावला, जाताना द्वारकाबाईंच्या पायाही पडली. हे काय नवीन, असं मनात म्हणत द्वारकाबाई पायरी उतरल्या. चपलेत पाय घालत होत्या, तेवढ्यात आतून परसाच्या भिंतीवरून नंदाबाई शेजारणीशी बोलताना ऐकू आली.

“द्वारकाबाई आल्ती गं. काल द्वारकाबाई तुमच्याकडंबी आल्ती ना? असं माणूस पाहाया मिळायचं न्हाई. त्या बेबीनंदाचं पाप आपल्या अंगावर घेऊन दारोदार हिंडून राह्यली. केवढी माया म्हणायची! आन् ती बया पाहा, खुशाल जालन्याला जाऊन बसली.”

“काल आमच्याकडं बी तेच सांगून गेली,” शेजारीण म्हणाली. “आम्ही बी म्हणलं, देवमाणूस.”

द्वारकाबाई एका पायात चप्पल घालून तशाच उभ्या राहिल्या. कालची नऊ घरं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. कुणी चहा टाकला होता, कुणी हात जोडले होते. ऊन चढायला लागलं होतं आणि यादीत अजून बत्तीस घरं राहिली होती.

त्यांनी पायातली चप्पल काढली, पुन्हा पायरी चढल्या आणि दार वाजवलं. नंदाबाई लगबगीनं आली, तिनं त्यांना आत घेऊन पाटावर बसवलं, पंखा लावला. “नंदा, नीट ऐक,” द्वारकाबाई म्हणाल्या, आणि पहिल्यापासून सांगू लागल्या. नंदाबाई मान हलवत ऐकत होती, आणि तिच्या डोळ्यांतली भक्ती वाढतच चालली होती.